रिमोटने टीव्ही चालू होतो, पण टीव्हीला लावलेली स्टिक बटणांना दाद देत नाही

पंचगंगाकाठ, शुक्रवार पेठ

नमस्कार. आमच्या घरी टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावायची स्ट्रीमिंग स्टिक साधारण दोन वर्षांपासून आहे आणि तिचा सर्वांत जास्त वापर माझे वडील करतात. आबांचे वय ७९ आहे. तरुणपणी ते तालमीत होते. आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणे जवळजवळ बंद झाले आहे, त्यामुळे खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्त्यांची चित्रणे आणि संध्याकाळचे कीर्तन एवढाच त्यांचा विरंगुळा उरला आहे. गेल्या रविवारपासून तोही थांबला आहे, म्हणून हा प्रश्न सविस्तर लिहितो.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही टीव्ही टेबलावरून काढून भिंतीवर बसवून घेतला. त्यानंतर काही दिवसांतच रिमोट अडखळू लागला. बाणाचे बटण तीनदा दाबावे तेव्हा चौकट एकदा सरकायची आणि कधी काही क्षण काहीच न होता ती एकदम चार घरे पुढे जायची. रविवारी रात्री वळवाच्या पावसात वीज तीन वेळा गेली आणि आली, आणि त्यानंतर बाण, मधले गोल बटण, होम, मागे जाण्याचे बटण आणि माइक यांपैकी काहीही चालेनासे झाले. मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की त्याच रिमोटने टीव्ही मात्र चालू-बंद होतो आणि आवाजही कमी-जास्त होतो.

सेल दोनदा नवे घालून पाहिले. स्टिकची पिन काढून पुन्हा लावून पाहिली. कोण पाहत आहे असे विचारणारे पान पडद्यावर येते आणि पुढे काहीच हलत नाही. दुकानात चौकशी केली तेव्हा दुरुस्ती होत नाही, नवीच घ्या, असे सांगण्यात आले. इंटरनेटवर शोधल्यावर एक मदत क्रमांक सापडला. तिथल्या माणसाने रिमोट पुन्हा जोडून देण्यासाठी शुल्क मागितले आणि मोबाइलवर एक ॲप घ्यायला सांगितले. अजून मी पैसे दिलेले नाहीत आणि ॲपही घेतलेले नाही. बिघाड रिमोटमध्ये आहे की स्टिकमध्ये, हे घरच्या घरी कसे ओळखावे? आबांकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे मोबाइलच्या आधारावर चालणारा उपाय त्यांच्यासाठी कायमचा उपयोगाचा नाही.

राजारामपुरीकर

सेल दोनदा बदलले असे आपण लिहिले आहे, पण दोन्ही एकाच पाकिटातले आणि एकाच वेळी फोडलेले होते का, हे तपासावे. एक जुना आणि एक नवा अशी जोडी घातली की जुना सेल नव्यालाही खाली ओढतो. रिमोटला प्लास्टिकचे कव्हर घातले असेल तर तेही काढून पाहावे, कारण घट्ट कव्हराखाली एखादे बटण दबलेले राहिले की बाकीची बटणे चालत नाहीत आणि सेलही लवकर संपतात.

रिमोट चांगला आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला तर रिमोट चांगला आणि दोष स्टिकचा. दिसला नाही तर रिमोट गेला असे समजावे.

शाहूपुरी, निवृत्त

बाकीच्या तांत्रिक गोष्टी जाणकार सांगतीलच, मी फक्त त्या मदत क्रमांकाविषयी लिहितो, कारण माझी सगळी नोकरी बँकेत झाली आहे आणि असे फसलेले ग्राहक मी समोर बसलेले पाहिले आहेत. रिमोट स्टिकला पुन्हा जोडण्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही. जे ॲप घ्यायला सांगितले ते बहुधा आपल्या फोनचा पडदा समोरच्याला दाखवणारे असते, आणि त्यानंतर बँकेचा ओटीपी त्याला आपल्या आधी दिसतो. त्या क्रमांकावर पुन्हा बोलू नये. मदत हवीच असेल तर क्रमांक स्टिकच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. घरातल्या कोणी चुकून पैसे दिले असतील तर उशीर न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

उद्यमनगर पॅनेलवाला

मी शिवाजी उद्यमनगरात मशीनच्या विद्युत पॅनेलची कामे करतो. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच लिहून ठेवले आहे, आणि ते म्हणजे टीव्ही चालतो पण स्टिक चालत नाही हे वाक्य.

आपल्या हातातल्या त्या एका कवचात खरे तर दोन रिमोट असतात. पहिला प्रकाशाचा. रिमोटच्या टोकाशी एक बारीक दिवा असतो, तो अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असल्यामुळे आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांमधून टीव्हीला आवाज वाढव, बंद हो, असे संकेत मिळतात. हा प्रकाश समोरासमोरच पोहोचतो, मध्ये कोणी उभे राहिले की अडतो, आणि त्याला कोणतीही जोडणी लागत नाही. दुसरा रिमोट रेडिओ लहरींचा, म्हणजे ब्लूटूथचा. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे लपलेली असल्यामुळे तिला समोरचा प्रकाश दिसणे शक्य नसते, म्हणून बाण, होम, मधले बटण आणि माइक यांचे संकेत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून जातात. इथे मात्र रिमोट आणि स्टिक यांची आधी ओळख करून द्यावी लागते आणि ती ओळख दोघांनीही लक्षात ठेवावी लागते. आपला प्रकाशाचा अर्धा भाग शाबूत आहे, म्हणजे सेलमध्ये अगदीच जीव नाही असे म्हणता येत नाही. गडबड रेडिओच्या अर्ध्या भागात आहे.

याच कारणासाठी राजारामपुरीकरांच्या कॅमेऱ्याच्या परीक्षेत एक दुरुस्ती सुचवतो. ती परीक्षा फक्त प्रकाशाच्या भागापुरती खरी आहे. आवाजाचे बटण दाबल्यावर ठिपका दिसला तरी ब्लूटूथ बंद असू शकते. उलट बाणाचे बटण दाबल्यावर ठिपका दिसला नाही तर रिमोट गेला असे मुळीच नाही, कारण अशा बहुतेक रिमोटमध्ये बाणाचा संकेत प्रकाशाने जातच नाही. शिवाय अनेक मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश गाळणारी काच असते, त्यामुळे परीक्षा पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेली बरी.

आता भिंतीविषयी. टीव्ही वर गेल्यापासून रिमोट अडखळू लागला, हा माझ्या मते योगायोग नाही. आमच्याकडे फाउंड्रीतल्या क्रेनला रेडिओ रिमोट असतो. त्याचा रिसीव्हर लोखंडी पेटीत बसवला तर अँटेना पेटीच्या बाहेर काढावाच लागतो, नाहीतर खाली उभ्या असलेल्या माणसाचे बटण क्रेनपर्यंत पोहोचत नाही. आपली स्टिक आता टीव्हीचा पत्रा आणि भिंतीवरचा लोखंडी ब्रॅकेट यांच्या सापटीत अडकली असेल, तर तिची अवस्था त्या पेटीतल्या रिसीव्हरसारखी आहे. त्यातच वायफायचा राउटरही टीव्हीमागे ठेवला असेल तर अडचण वाढते, कारण २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय आणि ब्लूटूथ एकाच पट्ट्यात बोलतात. रिमोटचे ब्लूटूथ एका वेळी २ मेगाहर्ट्झची अरुंद वाट वापरते, वायफाय किमान २० मेगाहर्ट्झचा रस्ता व्यापते आणि त्याचा जोरही जास्त असतो. शेजारी हलगी कडाडत असताना समोरच्याचे पुटपुटणे ऐकू यावे, अशी अपेक्षा आपण त्या स्टिककडून करत असतो.

तिसरी शंका विजेची. भिंतीवर टीव्ही लावताना वायरी दिसू नयेत म्हणून बसवणारे लोक स्टिकचा अडॅप्टर काढून ठेवतात आणि तिची वायर टीव्हीच्याच यूएसबी खाचेत लावतात. टीव्हीच्या साध्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टला ०.५ ॲम्पियर एवढीच वीज मिळण्याची हमी असते, तर अशा स्टिकबरोबर सहसा १ ॲम्पियरचा अडॅप्टर दिलेला असतो. स्टिक सुरू होते, चित्रही दिसते, पण काम वाढले की ती गुदमरते आणि मधूनच स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होते.

म्हणून करायचे ते असे. आधी स्टिक तिच्या मूळ अडॅप्टरवर भिंतीतल्या प्लगला जोडावी. मग वीज बंद करून रिमोटमधले सेलही काढून ठेवावेत आणि एक-दोन मिनिटे थांबून स्टिक सुरू करावी. पडद्यावर पान आले की सेल घालून, टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे राहून, होमचे बटण दहा-बारा सेकंद दाबून धरावे. जोडणीची रीत कंपनीगणिक बदलते. काहींत होम आणि मागे जाण्याचे बटण एकत्र धरावे लागते, तर काहींत सेलच्या खणातच एक बारीक बटण असते. जवळून जोडणी झाली आणि पलंगावरून चालेना, तर दोष ना रिमोटचा ना स्टिकचा, तो जागेचा. अगदी जवळूनही जोडणी झाली नाही, तरच नव्या रिमोटचा विचार करावा.

कसबा बावड्याची लेक

दादा, वरची सगळी खटपट रविवारशिवाय जमणार नसेल तर आजच्या आज आबांचा टीव्ही सुरू करण्याचा एक मार्ग सांगते. टीव्हीचा मूळ रिमोट असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय सीईसी ही सोय चालू करावी. कंपन्यांनी तिला आपापली नावे दिली आहेत. सॅमसंगच्या टीव्हीत ॲनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हीत सिम्पलिंक आणि सोनीच्या टीव्हीत ब्राव्हिया सिंक या नावाने ती सापडते. ती चालू झाली की टीव्हीच्याच रिमोटचे बाण एचडीएमआयच्या तारेतून स्टिकपर्यंत पोहोचतात आणि ब्लूटूथची गरजच उरत नाही. स्टिकच्या बाजूनेही ही सोय चालू असावी लागते, पण ती बहुधा आधीपासून चालू असते. माझ्या सासूबाई स्टिकचा रिमोट असूनही टीव्हीचाच वापरतात, कारण त्याची बटणे मोठी आहेत.

दुसरा मार्ग मोबाइलच्या ॲपचा. तो आबांसाठी नाही हे मला कळते, पण पडद्यावरचे पान पुढे सरकवून जोडणीच्या सेटिंगपर्यंत जायला तुम्हांला तो उपयोगी पडेल. ॲप चालण्यासाठी फोन आणि स्टिक एकाच वायफायवर असावे लागतात. आमच्याकडे राउटर बदलला तेव्हा मोठी पंचाईत झाली होती: स्टिक जुन्या वायफायचे नाव शोधत बसली होती, नवे नाव निवडायला रिमोट हवा होता आणि रिमोट तर बंद पडलेला. त्या वेळी आम्ही एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करून त्याला जुन्या वायफायचे नाव आणि पासवर्ड अक्षरशः जसेच्या तसे दिले, अगदी मोठे-लहान इंग्रजी अक्षरही बदलले नाही. स्टिक आपोआप त्याला जोडली गेली. मग दुसऱ्या फोनवर ॲप घेतले, तो फोनही त्याच हॉटस्पॉटला जोडला आणि तिथून पुढची सगळी वाट मोकळी झाली. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा, कारण काही जुन्या स्टिकना ५ गिगाहर्ट्झचा दिसत नाही.

पंचगंगाकाठ, शुक्रवार पेठ

सर्वांचे मनापासून आभार. मदत क्रमांक त्याच दिवशी फोनमध्ये अडवून टाकला. ताईंनी सांगितलेली सीईसीची सोय बुधवारी संध्याकाळी चालू केली आणि कीर्तनाची वेळ साधली, त्यामुळे उरलेले काम शांतपणे करता आले. काल सुट्टी होती, म्हणून भावाला बोलावून टीव्ही ब्रॅकेटवरून उतरवला. जे दिसले ते तपशिलाने लिहितो.

स्टिक टीव्हीची पाठ आणि ब्रॅकेटची लोखंडी पट्टी यांच्यामध्ये इतकी दाबून बसली होती की ती ओढून काढताना तिच्या कडेवर पट्टीचा काळा व्रण उमटलेला दिसला. राउटर त्याच ब्रॅकेटवर, स्टिकपासून जेमतेम चार बोटांवर, प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला होता. वायरही टीव्हीच्या यूएसबी खाचेतच होती. मूळ अडॅप्टर खोक्यात तसाच पडून राहिला होता. पॅनेलवाले साहेबांनी न पाहता लिहिलेल्या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र सापडल्या.

अडॅप्टर लावला, सांगितल्याप्रमाणे जोडणी केली, आणि टीव्हीजवळ उभे राहिल्यावर रिमोट पहिल्याच प्रयत्नात चालला. आबांचा पलंग टीव्हीपासून साधारण बारा फुटांवर आहे. तिथून मात्र पूर्वीसारखीच अडखळ होती. मग लक्ष्मीपुरीतून वीतभर लांबीची एचडीएमआयची जोडतार आणली, स्टिक टीव्हीच्या खालच्या कडेपाशी मोकळी सोडली, राउटर दाराजवळच्या फळीवर हलवला आणि स्टिकचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घेतले. आता पलंगावर आडवे पडूनही बाण एका दाबात सरकतो. काल आबांनी सलग तीन कुस्त्या पाहिल्या आणि रिमोट एकदाही माझ्या हातात दिला नाही.

एक शंका उरली आहे. कव्हर काढून सेलचा खण नीट पाहिला, तेव्हा एका स्प्रिंगच्या टोकाला पांढरट-हिरवी पूड धरलेली दिसली. नखाने खरवडली तर थोडी निघाली आणि खाली तांब्यासारखा रंग दिसला. सध्या रिमोट चालतो आहे, तरी ती काढावी का, आणि कशाने?

उद्यमनगर पॅनेलवाला

अवश्य काढावी, कारण पावसाळ्यात आपल्या गावची हवा दमट असते आणि ती पूड ओल धरून स्प्रिंग आणखी खात जाईल. नखाने मात्र खरवडू नये. ती त्वचेला आणि डोळ्यांना चांगली नाही. कशाने पुसावी हे कोणता सेल गळला त्यावर ठरते. पाकिटावर अल्कलाइन लिहिलेले असेल तर आतला द्राव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे क्षारधर्मी असतो. त्यासाठी कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब पुरतो. आपण दुकानात नुसता पेन्सिल सेल मागितला की सहसा झिंक-कार्बनचा मिळतो. त्याचा द्राव आम्लधर्मी असतो, म्हणून त्याला खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावावी. दोन्ही बाबतींत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावरच सेल घालावेत. पाणी ओतू नये. स्प्रिंगचा मुलामा गेला असेल तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवावा.

पुढच्या वेळी सेल घेताना अल्कलाइन घ्यावेत. पुन्हा चार्ज होणारे सेल घालण्याचा विचार असेल तर ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, म्हणजे दोन सेलमिळून २.४ व्होल्टच मिळतात. काही रिमोट तेवढ्यावर उत्तम चालतात, तर काही पहिल्या दिवसापासूनच सेल संपत आल्याची सूचना दाखवतात. कव्हर घालायचेच असेल तर सैल घालावे, बटणांवर ताणलेले नको.

राजारामपुरीकर

पॅनेलवाले साहेबांची दुरुस्ती मला मान्य आहे, आणि ती वाचून मी घरीच ताडून पाहिली. पुढच्या कॅमेऱ्यासमोर आवाजाचे बटण दाबले तेव्हा ठिपका स्पष्ट दिसला; बाण आणि होम दाबले तेव्हा काहीच दिसले नाही, आणि तरीही टीव्हीवर चौकट सरकत होती. गेल्या दिवाळीत आमच्या वरच्या मजल्यावरचा रिमोट याच परीक्षेवरून निकामी ठरवून मी कपाटात टाकला होता. आज तो बाहेर काढला, त्यात नवे सेल घातले आणि स्टिकजवळ उभे राहून होमचे बटण दाबून धरले. बारा मोजेपर्यंत जोडणी झाल्याचा संदेश पडद्यावर आला.